बसून बघणारे घाडीकाका

खुर्ची तयार झाली की इस्माईलभाई फडक्याला हात पुसतो आणि दाराकडे बघतो. मीही बघते. मग दोघांच्याही लक्षात येतं की दारातून आता कोणी येणार नाही, आणि आमच्यापैकी एक जण नाइलाजाने त्या खुर्चीत बसून बघतो. इस्माईलभाई बसला तर म्हणतो, "ठीक है." मी बसले तर म्हणते, "छान आहे." एवढ्यावर आमचं काम सध्या चाललं आहे. घाडीकाका होते तेव्हा ते एकेका खुर्चीवर तासभर बोलत, आणि त्यातलं निम्मं नेमकं गिऱ्हाइकासमोर बोलत, अशी माझी तक्रार असायची. आता तक्रारीला जागा नाही आणि गोदाम फार शांत झालं आहे.

मी जुनं फर्निचर नवं करून विकते. जुनं म्हणजे राजेरजवाड्यांचं नव्हे. पन्नास-साठ सालातलं, सागवानी, तिरक्या पायांचं, सडपातळ, नक्षीबिक्षी काही नसलेलं. गिरगाव-दादरच्या घराघरांत एके काळी ह्या खुर्च्या होत्या. पुढे लोकांच्या हातात चार पैसे आले आणि त्यांनी त्या भंगारवाल्याला देऊन फुगलेले सोफे आणले. आता त्यांच्याच नातवंडांना परदेशी मासिकांत त्याच खुर्च्या दिसतात आणि ती 'मिडसेंच्युरी मॉडर्न आहे का' असं विचारत माझ्याकडे येतात. आजोबांनी टाकायचं, नातवाने विकत घ्यायचं आणि मधल्या मधे माझं पोट भरायचं, असा हा व्यवसाय आहे. आमचं घराणं गिरगावातलं, पिढीजात कारकुनांचं. मी चांगली नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा आईने नातेवाइकांत 'ती इंटिरियरमध्ये असते' असं सांगून वेळ मारून नेली.

जागा मात्र मी कॉटन ग्रीनला घेतली. कापसाच्या एका जुन्या गोदामाचा कोपरा भाड्याने मिळाला. तिथे मी, पॉलिशचा मिस्त्री इस्माईलभाई आणि पॉलिशमधल्या लाखेच्या चपड्याचा वास असे आम्ही तिघे राहत होतो. घाडीकाका आले ते त्या वासामागोमाग आले असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते ते बसायला जागा शोधत आले.

झालं असं की इस्माईलभाईने एक खुर्ची पॉलिशचा शेवटचा हात मारून दाराबाहेर उन्हात ठेवली होती. थोड्या वेळाने मी बाहेर आले तर खुर्चीत एक भरदार, पिकल्या मिशीचे गृहस्थ डोळे मिटून बसलेले. अंगात चौकड्यांचा शर्ट, खाली खाकी पँट. मी ओरडलेच. ते ताडकन उठले. खुर्चीच्या पाठीवर त्यांच्या शर्टाच्या चौकड्या उमटल्या होत्या आणि पँटवर सागवानी रंग चढला होता.

"काका, ओली होती ती."

"ओली नव्हती मॅडम. दमट होती जरा." त्यांनी मान वळवून पँटची मागची बाजू बघायचा प्रयत्न केला, ती दिसेना तेव्हा सोडून दिला. "पण एक सांगू? ही खुर्ची माणसाला पुढे ढकलते. पाव्हण्यांना लवकर घालवायचं असेल तर अशीच ठेवा. नायतर मागचे पाय बघा जरा."

इस्माईलभाई आतून बाहेर आला, चौकड्या बघून त्याचा चेहराच उतरला. "पाँव बराबर है," तो म्हणाला. "काका का वजन आगे है."

खुर्चीचे पाय वाकडे होते की काकांचं पोट पुढे होतं, हा वाद त्या दोघांत पुढे कायम चालला. त्या दिवशी इस्माईलभाईने रागारागाने चौकड्या घासून काढल्या आणि मी पाहत नाही असं बघून मागचे पाय किंचित तासले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा हजर. पँट तीच, डागासकट. आत येऊन त्यांनी विचारलं, "काय, झाली का ती सरळ?" आणि उत्तराची वाट न बघता बसून पाहिलं.

तुकाराम घाडीगावकर हे त्यांचं पूर्ण नाव. मूळ गाव कणकवलीच्या पुढे, बिऱ्हाड काळाचौकीला चाळीत, आणि सबंध नोकरी बस कंडक्टरची. सून कामावर गेली की घरात फरशी पुसायला बाई येई. ती 'काका, पाय वर घ्या' म्हणाली की काका पाय वर न घेता सरळ घराबाहेर पडत. तेवढ्या वेळात बंदराच्या बाजूने एक फेरी मारायची हा त्यांचा शिरस्ता होता. आमचं गोदाम सापडल्यावर फेरी बंद झाली.

"मी आयुष्यभर उभा राहिलोय," ते सांगत. "पण बसलेली माणसं मी जेवढी बघितलीत तेवढी तुझ्या मिस्त्रीने लाकडंसुद्धा बघितली नसतील." मॅडमची मी तोवर 'बाय' झाले होते. त्यांचा सिद्धांत असा होता की माणूस नवीन जागी पहिल्यांदा खोटं बसतो. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, पिशवी मांडीवर. दोन-तीन स्टॉप गेले की विसरतो आणि खरा बसतो. खुर्चीची परीक्षा खरं बसल्यावर घ्यायची. ऐकायला हे फार छान होतं, पण त्यामुळे प्रत्येक खुर्ची अख्खी सकाळ त्यांच्याखाली अडकून पडे आणि टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत बसे.

निकाल देण्याची पद्धत बसमधलीच होती. खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेराने एकदाच टकटक केली तर ती एक घंटी, म्हणजे गाडी थांबवा, खुर्ची इस्माईलभाईकडे परत. दोनदा केली तर डबल बेल, म्हणजे चला, जाऊ द्या. पुढे पुढे इस्माईलभाई कामात गढल्याचं दाखवत कान तिकडे लावून बसायचा. दुसरी टकटक झाली नाही की 'या अल्ला' म्हणून उठायचा.

निकालाबरोबर शेरा असायचा. एका जुन्या ऑफिसातली हाताची खुर्ची आली होती, तिच्यात बसून म्हणाले, "सरकारी आहे. झोप येते पण लागत नाही." झुलत्या खुर्चीबद्दल म्हणाले, "हिला ब्रेक नाही." दोघांच्या बाकाला म्हणाले, "नवरा-बायको ह्याच्यावर बसली तर भांडण पुरं होणार नाही. तोंडं दोघांची एकाच दिशेला." अरुंद बैठकीच्या जेवणाच्या खुर्च्यांना त्यांनी 'पहिल्या वाढपाच्या खुर्च्या' असं नाव दिलं, कारण त्यांच्यावर बसलेला माणूस दुसऱ्यांदा भात मागणार नाही. काही शेरे साफ चुकायचे. एक फार खोलगट, कापडी झोळीची खुर्ची होती. "ह्यातून उठायला दुसरा माणूस लागेल. कोण घेणार?" असं म्हणून त्यांनी तिला एक घंटी दिली. त्याच दुपारी एक तरुण जोडपं आलं आणि ती घेऊन गेलं. मी काकांकडे बघितलं. ते जराही न डगमगता म्हणाले, "दोघं आहेत ना. एक उठवील दुसऱ्याला."

फर्निचर विकायचं तर फोटो चांगला लागतो. मी गोदामाची एक भिंत रंगवून घेतली आहे. तिच्यापुढे खुर्ची ठेवायची, शेजारी दिवा, एक मोठ्या पानांचं झाड, हातावर घडी केलेली शाल, बाजूच्या तिपाईवर जाड इंग्रजी पुस्तक आणि मातीचा कप. ही मांडणी मला चांगली जमते असा माझा समज होता. काकांनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा तिच्यासमोरून एक फेरी मारली.

"हे घर कोणाचं?"

"कोणाचं नाही हो. फोटोसाठी आहे."

"चष्मा कुठाय?"

"कसला चष्मा?"

"एवढं जाडं पुस्तक वाचणारा माणूस चष्मा न ठेवता उठेल?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. मग खुर्चीकडे बघून म्हणाले, "आणि खुर्चीच्या पाठीवर टॉवेल नाही. असं घर मी तर बघितलं नाही." टॉवेलला मी ठाम नकार दिला. चष्मा ठेवला. त्या फोटोखाली तिघांनी खुर्चीची चौकशी केली आणि चौघांनी चष्म्याची. मांडणीतली संत्री मात्र काका फोटो होण्याआधीच खायचे, आणि विचारलं तर म्हणायचे की घरात संत्री असली तर सालंही दिसायला पाहिजेत.

एकदा ते एका आरामखुर्चीत तोंडावर पेपर घेऊन झोपून गेले. मी गमतीने फोटो काढला आणि बाकीच्यांबरोबर तोही चुकून लोकांसमोर गेला. माझ्या सगळ्या झाडांना आणि शालींना मिळून जेवढी चौकशी आली नसेल तेवढी त्या एका फोटोला आली. एकीने विचारलं होतं की काका खुर्चीबरोबर मिळतील का. सुनेने तो फोटो घरी दाखवला तेव्हा काकी म्हणाल्या, "ह्येंचो फोटो? नि तोय झोपलेल्याचो?" लग्नानंतर आपल्याबरोबर एक फोटो काढायला ह्या माणसाला वेळ झाला नव्हता, हे त्यांनी मलाही नंतर ऐकवलं.

इतकं सगळं असून काकांच्या मालकीची एकही खुर्ची नव्हती. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. लहानपणी खोलीत एकच खुर्ची होती, ती वडिलांची. वडील नसले तर पाव्हण्यांची. मोठे झाल्यावर नोकरी उभ्याची. बसमध्ये कंडक्टरला एक सीट असते, पण तिच्यावर त्यांनी कायम कोणालातरी बसवलेलं असे. म्हातारी असायची, पोटुशी असायची, टोपली घेतलेली कोळीण असायची. कोणीच नसेल तर नुसता दमलेला दिसणारा माणूस चालायचा. आता घरी मुलाने सोफा आणला होता, पण त्यावर नातवाच्या वह्या, सुनेची बॅग आणि इस्त्रीचे कपडे कायम बसलेले. काका दाराजवळ उभे राहत, एक हात वर करून कपड्यांची दांडी धरून. गोदामातही बोलताना त्यांचा हात आपोआप वर जायचा आणि धरायला काही सापडलं नाही की ते अस्वस्थ व्हायचे. शेवटी इस्माईलभाईने तुळईला सुतळीचा एक फास लटकवून दिला. त्यांच्यातलं एवढं एकच भांडण असं न बोलता मिटलेलं मी पाहिलं.

खरी अडचण वेगळी होती. कोणी आलं की काका उठत. ओळखीचं असो, नसो. दारात पाऊल वाजलं की ह्यांचं शरीर आधी उठायचं, डोकं मागाहून यायचं. "बसा, बसा." कुरियरवाल्याला बसवलं, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला बसवलं, एकदा चुकलेला पत्ता विचारायला आलेल्या बाईंना बसवून पाणी दिलं. गिऱ्हाईक आलं की ते नेमकं काकांच्या उबेच्या खुर्चीत बसायचं आणि बहुतेक वेळा तीच खुर्ची घ्यायचं. म्हणजे ज्या खुर्चीत काकांना बरं वाटे ती सगळ्यात आधी जायची, आणि ती घालवायचे ते स्वतःच. माझ्या ते पथ्यावर पडत होतं, म्हणून मी कधी बोलले नाही.

मग डॉक्टरांची खुर्ची आली. ठाकुरद्वारच्या एका जुन्या दवाखान्यातली, डॉक्टर दुपारी पेशंट संपल्यावर पाठ टेकायचे ती. सागवानी, बसकी, पाठीला वेत, आणि हात एवढे रुंद की कप ठेवला तर बशीसकट राहावा. वेत फाटलेला होता, तो नव्याने विणून घेतला. इस्माईलभाईने तिच्यावर मन लावून पॉलिश केलं. काका बसले. आम्ही दोघं टकटक ऐकायला थांबलो.

काहीच झालं नाही. शेरा नाही, घंटी नाही. काकांनी दोन्ही हात लाकडावर पसरून ठेवले होते आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. दुपारी जेवायला घरी गेले नाहीत. संध्याकाळी उठताना एवढंच म्हणाले, "हिला जरा वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी वेळ लागला, तिसऱ्या दिवशीही लागला. मी खुर्चीचा फोटो काढायला गेले की काका झोपलेले असत. परळच्या एका टॉवरमधल्या रेवती नावाच्या मुलीने कुठूनतरी ती खुर्ची हेरली आणि बघायला येते म्हणाली. मी काकांना सांगितलं. त्यांनी खुर्चीत अंग हलवलं आणि तोंडाने बारीक 'कुर्र' असा आवाज काढला.

"कुरकुरते. ऐकलंस?"

"काका, तो आवाज तुम्ही काढलात."

"आणि वाळवीचा वास येतो. म्हातारं लाकूड, बाय. गिऱ्हाइकाला फसवू नये. माझं ऐक, ही दोन-चार वर्षं इथेच ठेव, मग बघू."

इस्माईलभाई माझ्याकडे बघायचं टाळून पॉलिशच्या बाटल्या पुसत होता. मला तेव्हा सगळं कळलं, आणि मी काय करायचं हे ठरवायच्या आत दारात रेवती येऊन उभी राहिली. हातात गाडीची किल्ली, कपाळावर घाम.

काका उठले. मी स्वतः बघितलं, त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पण माणूस दारात उभं होतं आणि दमलेलं होतं. "बसा, बसा," काका म्हणाले. रेवती बसली, तिने पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ओ माय गॉड." वर काकांनीच तिला सांगितलं, "असं नको, जरा खाली सरकून बसा. हां. आता हात पसरा." खुर्ची तिथल्या तिथे गेली. काका सुतळीचा फास धरून उभे होते.

खुर्ची पोचवायला आपण टेम्पोबरोबर जाऊ असं ते म्हणाले तेव्हा मला नाही म्हणवेना. ती कुठे राहणार आहे ते बघायचं आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. दुपारी रेवतीचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"तुमचे काका बसलेत."

"हो, ते बसून बघतात."

"नाही, म्हणजे ते उठत नाहीयेत."

माझा विश्वास बसेना. घाडीकाका उठत नाहीत हे वाक्यच मला नवीन होतं. मी टॅक्सी करून गेले. एकविसाव्या की बाविसाव्या मजल्यावर, काचेच्या भल्यामोठ्या खिडकीपाशी काका डॉक्टरांच्या खुर्चीत बसले होते. शेजारी जमिनीवर एक मोठी चिनीमातीची कुंडी होती. रेवती उभी होती. मी आत शिरले, काकांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते बसूनच राहिले. खोटं कशाला सांगू, मला आधी आनंदच झाला.

रेवती वाईट मुलगी नव्हती. तिला वेताची भीती वाटत होती, बसलं की फाटेल म्हणून. खुर्ची तिला त्या कोपऱ्यासाठी हवी होती, बसण्यासाठी नव्हे. खुर्ची जागेवर आल्यावर तिने वरती कुंडी ठेवली. काकांनी कुंडी उचलून खाली ठेवली आणि ते बसले. ती चार वेळा 'काका, प्लीज' म्हणाली. नाइलाजाने तिने चहा आणून दिला होता. तो खुर्चीच्या हातावर बशीसकट होता.

"काका, उठा," मी म्हटलं. "विकली आपण ती."

"ह्यांना बसायचं आहे का?"

"त्यांची वस्तू आहे, त्या काहीही करतील."

"मी उठतो तो दुसऱ्याला बसायला उठतो," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, बसमध्ये भाडं सांगतात तसा होता. "आजपर्यंत कोणासाठीही उठलो. कुंडीसाठी नाही उठणार."

रेवती कुंडीकडे बघत होती, मग तिने खुर्चीच्या हातावरच्या चहाकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तिने विचारलं, "मग मी कुंडी कुठे ठेवू?" माझ्याकडे एक गोल स्टूल होतं, तसल्याच तिरक्या पायांचं, उंचीला बेताचं. टेम्पोवाला जाऊन घेऊन आला. कुंडी त्याच्यावर खुर्चीपेक्षा कितीतरी शोभली आणि मांडणीची तज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्या मला हे आधी का सुचलं नाही असं तिने विचारलंसुद्धा. काकांनी कुंडी बाजूला करून स्टुलावर बसून बघितलं आणि दोनदा टकटक केली. रेवतीने स्टूल ठेवून घेतलं आणि खुर्ची आम्हाला परत दिली.

खुर्ची खाली नेताना लिफ्टमध्ये काका तिच्यातच बसून होते. मधल्या एका मजल्यावर एक बाई कुत्रा घेऊन आत आल्या. काका उठले आणि म्हणाले, "बसा." बाई बावरून उभ्याच राहिल्या. कुत्रा बसला.

खुर्ची मी त्यांना देऊन टाकली. फुकट नको म्हणाले, तर मी सांगितलं की फुकट नाही, इतके दिवस बसलात त्याचा पगार आहे. "बसण्याचा पगार? डेपोत कळलं तर हसतील," असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या काळाचौकीला स्वतःच सांगून आले.

गणपतीत मी त्यांच्या घरी गेले. माझ्या डोळ्यांपुढे काका खुर्चीत आणि आल्यागेल्याचे नमस्कार घेताहेत असं चित्र होतं. खोलीत खुर्ची होती, तिच्यात काकींचे भाऊ बसले होते. ते गेल्यावर मंडळाची मुलं पावती घेऊन आली, त्यांतला एक बसला. मग मला बसवलं. काका दांडी धरून उभे.

"बघ गो," काकी म्हणाल्या. "खुर्ची इली, पण हे आपले उभेच. रोज कोण ना कोण येता नि हे उठतत. मी म्हटलंय ह्यांका, दार लावा नि बसा."

"दार लावलेल्या घरात बसान काय करू?" काका म्हणाले.

मी उठून त्यांना म्हटलं, "काका, बसा ना तुम्ही." ते म्हणाले, "बस गो, तू पाव्हणी." मला त्या खुर्चीत इतकं अवघडल्यासारखं झालं की मी प्रसाद न घेताच निघाले, मग काकींनी जिन्यावरून हाक मारून तो हातात दिला.

पुढे त्यांची चाळ पाडायला निघाली. नवी इमारत होईपर्यंत मुलाने लांब कुठेतरी भाड्याने घर बघितलं आणि काका-काकींनी गावी जाऊन राहायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी मी आणि इस्माईलभाई निरोप द्यायला काळाचौकीला गेलो. इस्माईलभाईने तुळईवरचा सुतळीचा फास सोडून खिशात घेतला होता, कशाला ते त्यालाही सांगता येईना. आम्हाला थोडा उशीरच झाला. टेम्पो भरून उभा होता आणि पुढे केबिनमध्ये ड्रायव्हर, काकी आणि कोणीतरी अनोळखी बाई दाटीने बसले होते.

"काका कुठायत?" मी विचारलं.

"मागे बघ," काकी म्हणाल्या. "ही सावंतीण. तिका कणकवलेक उतराचा असा. ह्यांनी आपली जागा दिल्यानी तिका." त्यांनी कपाळाला हात लावला, पण सावंतीणबाईंना लागेल असं काही बोलल्या नाहीत.

मी मागे गेले. गाद्या, पिंप, देवांची पेटी, गुंडाळलेल्या चटया, आणि त्यांच्या मधोमध दोराने चारी पायांना नीट बांधलेली डॉक्टरांची खुर्ची. तिच्यात काका. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट, पाठीवर, म्हणजे खुर्चीच्या पाठीवर, टॉवेल. इस्माईलभाईने खिशातली सुतळी पुढे केली. काकांनी ती वरच्या लोखंडी दांडीला बांधून घेतली आणि एकदा ओढून पाहिली.

"बराबर है?" इस्माईलभाईने विचारलं.

"बराबर है. पाय पण बराबर आहेत," काका म्हणाले.

मला रडू येत होतं, म्हणून मी रागावल्यासारखं केलं. एवढा लांबचा रस्ता, असं मागे बसून कोणी जातं का, असं काहीतरी बोलत मी टेम्पोच्या फळीवर पाय देऊन वर चढले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. तसे त्यांचे हात लाकडावर आवळले गेले, खांदे पुढे झाले, अंग अर्धवट उचललं गेलं. ओठ हलले. 'बसा' हा शब्द तिथपर्यंत आला होता.

मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पिंपाकडे, गाद्यांकडे, माझ्याकडे. आणि ते हळूहळू परत खाली बसले. आधी ताठ, मग पाठ टेकून, मग जरासे खाली सरकून, हात पसरून.

"उतर बाय," ते म्हणाले. "तुला ह्या गाडीने जायचं नाही."

मी उतरले. काकांनी खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेराने टकटक केली. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा. ती खुर्ची आमच्याकडे आल्यापासून तिला मिळाली नव्हती ती डबल बेल. एवढ्या हळू केलेली ती पुढे ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मी टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा जोरात थाप मारली, आणि गाडी निघाली.